पाणी किती, ते कुठं सांगितलं?

कुणी भाकरी थापता थापता ऐकत असाल, कुणी मांडीवर सूप घेऊन विड्या वळत असाल, कुणी नुकत्याच रानातून येऊन पाय धुऊन टेकला असाल. हात चालू द्या, फक्त कान इकडं द्या. आज बचतीचं, हप्त्याचं, कर्जाचं काही नाही. आज आमच्या हातून झालेली एक चूक तुम्हाला सांगायची आहे.

आमच्या म्हणजे सोलापूर जिल्ह्यात बचत गटांचं काम बघणाऱ्या आम्हा समन्वयक बायकांच्या. गटाच्या बैठकीत पैशाचे व्यवहार झाले की शेवटची दहा-पंधरा मिनिटं आम्ही आरोग्याला ठेवतो. कधी आशाताई येतात, कधी अंगणवाडीच्या सेविका येतात, कधी आम्हीच बोलतो. दोन वर्षांपूर्वी मृगाच्या तोंडावर मोहोळ तालुक्यातल्या एका गावात आम्ही अशीच बैठक घेतली. उन्हाळाभर टँकरचं पाणी, त्यावर पहिल्या पावसाचं गढूळ पाणी, म्हणजे लेकरांना ढाळ लागायचे दिवस. आम्ही ओआरएसची पाकिटं वाटली आणि सांगितलं, पोराला जुलाब लागले की हे पाकीट पाण्यात मिसळून पाजा. सगळ्यांनी माना डोलावल्या. वहीत लिहिलं, 'आरोग्य माहिती दिली'. सह्या-अंगठे झाले, चहा झाला, आम्ही पुढच्या गावाला गेलो.

पंधरा दिवसांनी त्यातल्या एका आईच्या चौदा महिन्यांच्या पोराला हगवण लागली. तिनं आमचं ऐकलं. पाकीट फोडलं आणि सगळंच्या सगळं एका फुलपात्रात कालवलं. कडक औषध, म्हणजे लवकर गुण, असा तिचा हिशोब. खारट लागतं म्हणून पोर थुंकायला लागलं, तर वरून साखर घातली आणि चमच्या-चमच्यानं पाजत राहिली. संध्याकाळी दुसरं पाकीट, तसंच. रात्री पोराची तहान काही केल्या भागेना. अंग तापलं, पोर चिडचिडं झालं, मग हातपाय ताठ करायला लागलं. नशीब असं की गावातल्या आशाताई घरी आल्या आणि त्यांनी 'काय दिलं' एवढंच न विचारता 'कशात कालवलं ते भांडं दाखव' म्हटलं. फुलपात्र बघितल्याबरोबर त्यांनी गाडी बोलावली. दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, अंगातलं पाणी कमी झालंय आणि वर मिठाचं प्रमाण वाढलंय. चौथ्या दिवशी पोर घरी आलं. आता चांगलं आहे.

आम्ही भेटायला गेलो तेव्हा ती आई आमच्यावर ओरडली नाही, ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं. ती शांतपणे म्हणाली, "ताई, पाण्यात टाका म्हणलात. किती पाण्यात, ते कुठं सांगितलं?"

आम्ही घरी येऊन वही काढून बघितली. 'आरोग्य माहिती दिली.' खरंच दिली होती. पाकिटावर पाण्याचं माप छापलेलं होतंच, पण बारीक अक्षरात, आणि त्या माऊलीला वाचता येत नव्हतं. हे आम्हाला माहीत होतं, कारण तिचा अंगठा दर महिन्याला आम्हीच घेत होतो.

तेव्हापासून आम्ही एक गोष्ट शोधत गेलो. आरोग्याची माहिती एकीकडून दुसरीकडं जाताना नेमकी कुठं सांडते? आणि ज्यांनी हे काम नीट केलं, त्यांनी ती सांडू नये म्हणून काय केलं? तेच थोडं सांगतो.

आधी या मीठ-साखरेच्या पाण्याचीच गोष्ट. १९७१ साली बांगलादेशच्या लढाईत लाखो निर्वासित सीमा ओलांडून बंगालमध्ये आले. बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला. शिरेतून द्यायचं सलाईन संपत आलं. तिथं डॉ. दिलीप महालनबीस होते. त्यांनी मीठ, साखर आणि खायचा सोडा ठरलेल्या मापानं पाण्यात मिसळून पिंपांत भरलं आणि आजाऱ्यांच्या नातेवाइकांनाच सांगितलं, वाटीनं पाजत राहा. नर्स नाही, सुई नाही. आजारी माणसाजवळ बसलेली बाई किंवा बाप्या, हेच तिथले आरोग्य कार्यकर्ते. त्या छावणीतले मृत्यू शंभरातल्या तीसवरून चारच्या खाली आले. डॉ. महालनबीस २०२२ साली गेले. पुढच्या वर्षी त्यांना पद्मविभूषण मिळालं, मरणोत्तर. असो.

म्हणजे औषध सापडलं होतं. घरोघरी पोचायचं राहिलं होतं. ते बांगलादेशातल्या ब्रॅक नावाच्या संस्थेनं करून दाखवलं. १९८० ते १९९० या दहा वर्षांत त्यांच्या कार्यकर्त्या पायी फिरून सव्वा कोटीच्या आसपास घरांत गेल्या. तिथं पाकिटं पोचणं अवघड, म्हणून घरचं मीठ आणि घरचा गूळ. तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. कार्यकर्ती भाषण देत नव्हती. ती आईच्या चुलीपाशी बसायची आणि आईच्या हातानं ते बनवून घ्यायची. बनवलेल्या पाण्याचे नमुने तपासायला जायचे, मीठ जास्त तर नाही पडत ना, हे बघायला.

आणि आता ऐका, आम्हाला सगळ्यात आवडलेली गोष्ट. त्या कार्यकर्तीला पगार किती घरं फिरली यावर नव्हता. काही दिवसांनी दुसरंच कुणी तरी यायचं, त्यातल्या काही आयांना गाठायचं आणि विचारायचं, काय शिकवलं होतं? करून दाखवा. आईला जितकं आठवेल तितका शिकवणारीला मोबदला. आमच्या वहीत असं कलम असतं तर आमच्या हातात त्या महिन्यात चहापुरतेही पैसे पडले नसते!

तरीसुद्धा तिथं गाडी अडली. आयांना सगळं पाठ, पण पोराला जुलाब झाले की करायच्या नाहीत. चौकशी केली तेव्हा कळलं की शिकवणाऱ्या बायकांचाच त्यावर पुरता विश्वास नव्हता. स्वतःच्या घरी त्या गोळ्या वापरायच्या. मग त्यांना हे पाणी काम कसं करतं ते नीट समजावलं, त्यांनी लोकांसमोर ते स्वतः पिऊन दाखवायला सुरुवात केली. दुसरं म्हणजे शिकवणं फक्त बायकांना होतं. घरातल्या पुरुषांना वाटायचं, या फिरत्या पोरी काय सांगतात कुणास ठाऊक. मग बाजारात, मशिदीत पुरुषांच्या बैठका घेतल्या आणि वापर वाढला. आपल्याकडंही पोराला दवाखान्यात न्यायची गाडी आणि पैसे कुणाच्या हातात असतात, ते आम्ही सांगायला नको.

इतक्या लांब कशाला, आपल्या करमाळ्याच्या पलीकडं जामखेड आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या नवरा-बायकोनं १९७० साली तिथं काम सुरू केलं. त्या वेळी त्या भागात जन्मलेल्या हजार लेकरांतली पावणेदोनशेच्या आसपास वर्षाच्या आत जायची. आधी त्यांनी शिकलेल्या नर्सबाई गावोगाव ठेवून पाहिल्या. ते जमलं नाही. बाहेरून आलेली बाई गावात टिकेना, आणि गावातल्या बाया तिच्यापाशी मन मोकळं करेनात. मग गावानंच आपल्यातली बाई निवडायची असं ठरलं. बहुतेक जणींना लिहिता-वाचता येत नव्हतं, बऱ्याच जणी दलित वस्तीतल्या होत्या. दर आठवड्याला त्या जामखेडला यायच्या, शिकायच्या, परत जायच्या. पुढच्या आठवड्यात आल्या की पहिला प्रश्न, मागच्या वेळचं गावात सांगितलंत का, आणि काय झालं? मग एकीची अडचण दुसरी सोडवायची. नवीन धडा त्यानंतर. त्या बायकांनी बाळंतपणं केली, कुष्ठरोगी, क्षयरोगी हुडकले, लेकरं वजनावर आणली. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आता जगभरातले लोक तिथं शिकायला येतात आणि त्यांना शिकवणाऱ्यांत अशा बायकाही असतात. देशात आशाताईंची योजना २००५ साली आली, तिच्यामागं अशा कामांचा अनुभव होता.

गडचिरोलीला डॉ. अभय आणि राणी बंग यांनी तर मोजायचीच युक्ती बदलली. लेकराला न्यूमोनिया आहे का हे श्वास मोजून कळतं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला साठ किंवा जास्त, दोन महिने ते वर्षाच्या लेकराचे पन्नास किंवा जास्त श्वास असतील तर धोका. पण साठपर्यंत मोजताना गडबड होते. म्हणून मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. दहापर्यंत तर आपली आजीही मोजते.

हे सगळं समजल्यावर आम्ही परत त्याच गावात गेलो. या वेळी आधी कबुली दिली, की चूक आमची. मग म्हटलं, एका लिटर पाण्यात एक पाकीट. लगेच मागून एक म्हातारी म्हणाली, "लिटर म्हंजे तांब्याच की." दुसरी म्हणाली, माझा तांब्या मोठा आहे. वाद सुरू झाला. आम्ही म्हटलं, जा, आपापले तांब्ये घेऊन या. आणि एकीला डेअरीवर पाठवून दुधाचं लिटरचं माप मागवलं. मैत्रिणींनो, एकाही दोन तांब्यांचं माप सारखं निघालं नाही! कुणाचा पाऊण लिटरच्याही खाली, कुणाचा सव्वा लिटरच्या वर. मग प्रत्येकीच्या भांड्यात माप ओतलं आणि पाणी जिथं आलं तिथं नखपॉलिशनं रेघ मारली. ती रेघ अजून टिकून आहे. ज्यांच्याकडं पाण्याची लिटरची रिकामी बाटली आहे त्यांनी ती धुऊन ठेवली.

चिमटीचंही तसंच. सगळ्यांना कागदावर तीन बोटांची चिमूट मीठ टाकायला लावलं. जिचा हात भरड्या कामाचा तिची चिमूट नव्या सुनेच्या चिमटीच्या दुप्पट. म्हणून आम्ही सांगतो, पाकीट असेल तर पाकीटच. नसेल तर लिटरभर पाण्यात चहाचा अर्धा चमचा मीठ आणि सहा चमचे साखर. चमचा सपाट, वर बोट फिरवून. शीग नको. करून झालं की आधी आपण चाखायचं. आपल्या डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा खारट लागलं तर ओतून द्यायचं आणि पुन्हा करायचं.

त्या दिवशी आणखी एक झालं. एक आजी म्हणाली, हे पाण्याचं ठीक, पण पोराची टाळू पडली की तेलच घालावं लागतं. आपल्याकडं हे सगळ्यांनाच माहीत, ढाळ लागलेल्या पोराची टाळू खाली जाते, मग कुणी तेल थापतं, कुणी तोंडात बोट घालून वर दाबतं. पूर्वी आम्ही 'ही अंधश्रद्धा आहे' म्हणून पुढं गेलो असतो. या वेळी आमच्याकडं एक बाटली होती.

ही युक्ती डेव्हिड वर्नर या माणसाची. वर्नर डॉक्टर नव्हते, जीवशास्त्र शिकवायचे. मेक्सिकोच्या डोंगरी खेड्यांत राहून त्यांनी जिथं डॉक्टर नाही तिथल्या लोकांसाठी एक पुस्तक लिहिलं, आधी तिथल्या स्पॅनिश भाषेत, १९७७ साली इंग्रजीत. ते पुढं जगातल्या कितीतरी भाषांत गेलं. नंतर १९८२ साली आरोग्य कार्यकर्त्यांना शिकवायचं कसं यावर दुसरं पुस्तक आलं, त्यात हे बाळ आहे. तिकडं ते दुधी भोपळ्याचं करतात, आम्ही प्लास्टिकच्या बाटलीचं केलं. बाटलीवर नाक-डोळे काढले. खाली भोक पाडून बूच लावलं. काठोकाठ पाणी भरलं आणि तोंडावर पातळ ओला कपडा ताणून बसवला. हे बाळ, ही त्याची टाळू. आता आजीलाच बूच काढायला लावलं. खालून पाणी गेलं, बाळाला जुलाब लागले. वरचा कपडा हळूहळू आत खचला. बाया गप्प झाल्या. एक पोरगी म्हणाली, "टाळू पडली!" आम्ही कपड्यावर तेल थापलं. काही नाही. पाणी भरलं, कपडा वर आला.

आजीचं निरीक्षण अगदी बरोबर होतं, बघा. टाळू खाली जाते हे डॉक्टरही तपासतात. फक्त ती वर आणायला पाणी आतून लागतं. हे त्या आजीला पटलं आणि आता वस्तीत तीच हे सांगते. आमच्यापेक्षा तिचं जास्त ऐकतात.

भाषेचंही सांगायला हवं. अक्कलकोटकडं घरात कानडी बोलतात, सोलापूरच्या पूर्व भागात विड्या वळणाऱ्या कितीतरी जणी तेलुगू. तिथं आम्ही मराठीत सांगायचो, त्या 'हो, हो' म्हणायच्या. एकदा शेजारणीनं तेच तेलुगूत सांगितलं आणि पाच प्रश्न आले. तोवर एकही आला नव्हता. मीठ तेलुगूतही 'उप्पु' आणि कानडीतही 'उप्पु', एवढं तरी आम्ही शिकलो. आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीनला गेले, तिथली भाषा शिकले आणि त्याच भाषेत तिथल्या मुलांना डॉक्टरकी शिकवू लागले. आम्हाला तर फक्त शेजारच्या गल्लीत जायचं आहे.

आता जरा कामाचं, नीट ऐका. आशाताईकडं मिळणारं पाकीट साधारण एक लिटरचं असतं. दुकानात पेलाभर पाण्याचं, दोनशे मिलिलिटरचं छोटं पाकीटही मिळतं. म्हणून प्रत्येक वेळी माप वाचायचं, नाहीतर शाळेतल्या पोराकडून वाचून घ्यायचं. उकळून गार केलेलं पाणी उत्तम. कालवलेलं पाणी चोवीस तासांत संपवायचं, उरलेलं टाकून द्यायचं. दोन वर्षांखालच्या लेकराला प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा पेला, मोठ्याला अर्धा ते एक पेला, चमच्यानं किंवा घोट-घोट. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा सावकाश. अंगावरचं दूध बंद करायचं नाही, जेवण बंद करायचं नाही. पेज, वरणाचं पाणी, मीठ घातलेलं ताक चालतं. या पाण्यानं जुलाब लगेच थांबत नाहीत, ते अंगातलं गेलेलं पाणी भरून काढतं. दुसऱ्या दिवशी 'गुण नाही' म्हणून सोडू नका. सोबत झिंकची गोळी, जुलाब थांबले तरी चौदा दिवस. सहा महिन्यांपुढच्या लेकराला वीस मिलिग्रॅमची एक, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला अर्धी.

दुकानात फळांच्या चवीची डबीबंद पेयं मिळतात, त्यांतल्या काहींच्या नावातच ओआरएस असायचं. साखर भरपूर, मीठ मापात नाही. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणानं असं नाव लावायला मनाई केली. जुना माल किंवा तसलंच दुसरं काही दिसलं तर घेऊ नका, पावडरचं पाकीट मागा.

आणि हे दिसलं तर घरी थांबायचं नाही, सरळ दवाखाना: लेकरू मलूल पडलं, पाणी घेईना, डोळे खोल गेले, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर सावकाश खाली बसते, शीत रक्ताची आहे, सगळंच उलटून पडतंय, हातपाय ताठ करतंय. बाळ दोन महिन्यांच्या आतलं असेल तर वाट बघूच नका. जाताना वाटेतही पाणी पाजत राहा, आणि कशात किती कालवलं ते डॉक्टरांना सांगा.

आमच्या बैठकीची पद्धत आता बदलली आहे. माहिती देणारीनं शेवटी 'समजलं का' असं विचारायचं नाही, कारण त्याला 'हो' शिवाय उत्तर नसतं. तिनं म्हणायचं, "आता तुम्ही मला शिकवा." आणि पंधरा दिवसांनी न सांगता दोन-तीन घरी जायचं. पहिल्यांदा गेलो तेव्हा निम्म्या जणींनाही नीट जमलं नाही, आणि आम्हाला वाईट वाटलं. आशाताई हसल्या, म्हणाल्या, मला तर हे रोजचं आहे. त्यांच्याकडं तीसेक नोंदवह्या, शंभर कामं आणि मोबदला वेळेवर येईल तेव्हा खरा. गटानं त्यांना एवढी तरी मदत करावी, की दहा घरांमागं एक जण पाणी कालवायला शिकलेली असावी.

ती आई, जिची गोष्ट सुरुवातीला सांगितली, ती आता आमच्याबरोबर दुसऱ्या गावांत येते. भाषण करत नाही. पाकीट आणि फुलपात्र समोर ठेवते आणि एखादीला म्हणते, "कालव बघू." बाई फुलपात्राकडं हात नेते. तेव्हा ती मागं लपवलेली लिटरची बाटली पुढं काढते.

येत्या महिन्याच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं घरातला तांब्या आणा. माप आम्ही आणतो, नखपॉलिश कुणीतरी आणा. नमस्कार.